जावयाच्या गाडीचे पाय धुतल्याची हकीकत

बालाघाट (म.प्र.)
कोजागिरीनंतरचा गुरुवार

तीर्थस्वरूप व्याहीबुवा श्री. दुलीचंदजी यांच्या सेवेशी,

बालाघाटहून डोमाजी मिस्त्रीचा दोन्ही हात जोडून नमस्कार पोचावा. आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत (खुशालीचा तपशील पुढे येईलच) आणि तुमसरची खुशाली आमच्याहून बरी असावी अशी आशा आहे. तुमचा डावा गुडघा आता जिना चढू देतो का? आमच्या विहीणबाई शुगरच्या गोळ्या जेवणाआधी घेतात की अजूनही जिलेबीनंतर? मागच्या खेपेला तुम्ही प्रेमाने दिलेलं आंब्याचं कलम लागलं आहे. त्याला चार पानं फुटली होती, त्यातली दोन शेजारच्या बकरीने खाल्ली, उरलेल्या दोन पानांवर आम्ही आळीपाळीने लक्ष ठेवून असतो.

घरात तीन मोबाईल असताना हा माणूस कागद काळे करत का बसला, असं तुमच्या मनात येईल. व्याहीबुवा, राग मानू नका, पण त्याचं कारण तुमचा मोबाईल आहे. तो आमच्या विहीणबाई उचलतात, उचलला की स्पीकरवर टाकतात, आणि पुढचं बोलणं तुमच्या घराला, शेजाऱ्यांना आणि रस्त्याने जाणाऱ्या भाजीवाल्याला सारखंच ऐकू येतं. घरच्यांचा जो ग्रुप आहे त्यात तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे जावई अश्विनराव, सकाळ-संध्याकाळ हजर असतात. आणि मला जे सांगायचं आहे ते येत्या रविवारपर्यंत अश्विनरावांच्या कानावर पडता कामा नये. म्हणून हे पत्र, आणि तेही टपालाने नाही, हस्ते. घेऊन येणारे महागूजी हे आमचे शेजारी, किरनापूरचे जुने गाडीसुतार (बैलबंड्या बनवायचे), वय वर्षं सत्त्याहत्तर. त्यांची मुलगी तुमच्या तुमसरातच दिली आहे, तिला भेटायला ते आज निघाले आहेत. या प्रकरणात त्यांचाही हात आहे, तेव्हा ते तोंडी काही वेगळं सांगू लागले तर त्यांना चहा द्या, पण विश्वास कागदावरच ठेवा.

अश्विनराव आणि आमची पौर्णिमा कंपनीच्या ट्रेनिंगसाठी तीन आठवडे पुण्याला गेले आहेत हे तुम्हाला ठाऊक आहेच. नागपूरला त्यांच्या इमारतीखाली खोदकाम चालू आहे, म्हणून ती नवी विजेची गाडी ते आमच्या अंगणात ठेवून गेले. (गाडी तुमच्याकडे न ठेवता सासुरवाडीला ठेवली याचं तुम्हाला वाईट वाटलं होतं, असं पौर्णिमा म्हणाली. हे पत्र पूर्ण वाचल्यावर वाटणार नाही.) जाताना अश्विनराव माझ्या पाया पडले, किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "मामाजी, गाडीले काई करू नोका. तुमी फक्त आराम करा." नंतर अंगणात उभे राहून ते कोणा मित्राशी फोनवर बोलत होते ते मी (मुद्दाम नाही, नळाला पाणी आलं होतं म्हणून) ऐकलं. या गाडीची मोटर पुढच्या चाकांना ओढते, त्यात गाडी वजनाने भारी, म्हणून पुढचे टायर लवकर झिजतात. आता पुढचे मागे आणि मागचे पुढे करायची वेळ झाली आहे, नागपूरला परत आल्यावर शोरूममध्ये टाकू.

व्याहीबुवा, तुम्ही एकतीस वर्षं एस.टी. चालवली, तुम्हाला हे समजेल. मी चौतीस वर्षं राईस मिलमध्ये मिस्त्री होतो. मशीन बसली की मालक स्वतः मोटारसायकलवर मला न्यायला यायचे आणि मी जेवत असलो तर ओसरीवर बसून राहायचे. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तर या घरात मला कोणी बल्बही बदलू देत नाही. स्टुलावर एक पाय ठेवला की 'पडाल, पडाल' असा गजर सुरू होतो. नळ गळत होता, तो मी निम्मा खोलला, तोच नागपूरला फोन गेला आणि मुलीने तिथून मला खाली बसवलं. पंखा करकरतो, मी खाली बसून ऐकतो. 'आराम करा' हे शब्द मला आता शिवीसारखे लागतात, हे तुम्हाला म्हणून सांगतो. एका चाकाला पाच नट, चार चाकांचे वीस. वीस नटांसाठी नागपूरचं शोरूम, आणि गाडी माझ्या अंगणात! मी त्याच दिवशी ठरवलं की जावई परत येतील तेव्हा टायर बदललेले असतील, आणि त्यांनी विचारल्यावर मी फक्त 'हौ' म्हणेन.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याने उगाच आंधळेपणाने हात घातला. मुळीच नाही. गाडीच्या कप्प्यातलं जाडजूड पुस्तक मी तीन दिवस वाचलं. ते इंग्रजीत आहे, पण मी इंग्रजी चित्रांवरून वाचतो, मिलमधल्या सगळ्या मशीनची पुस्तकं तशीच वाचत आलो. गाडी सपाट आणि टणक जागेवर उभी करायची, बंद करायची, ब्रेक लावायचा, चाकांना पुढून-मागून दगड द्यायचे. दाराखालच्या कडेला चार ठिकाणी बाण कोरले आहेत, जॅक फक्त तिथेच लावायचा. पोटाला कुठेही लावायचा नाही, कारण पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत बॅटरी पसरलेली आहे. (त्या चित्रावर लाल फुली आहे, फुलीशेजारी एक माणूस आहे आणि माणसाच्या अंगातून विजा निघत आहेत. इंग्रजी यायची गरजच नाही.) गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली हात घालायचा नाही, आधी खाली पक्का आधार द्यायचा. यातला एकूण एक नियम मी पाळला आहे. अडचण एवढीच झाली की गाडीत जॅकच नव्हता. स्टेपनीसुद्धा नव्हती. डिकीचा तळ उचलून पाहिला तर एक चिमुकला पंप आणि पांढऱ्या गोंदासारखं काहीतरी भरलेली बाटली. एवढ्या मोठ्या गाडीच्या नशिबी पंक्चरसाठी शाळेतल्या पोराचा गोंद आला, हे पाहून मला तिची दया आली.

इथे प्रेमलाल आला. प्रेमलाल आमच्याच गल्लीत राहतो आणि स्टेशन ते बसस्टँड ई-रिक्षा चालवतो. आमच्या वॉर्डात विजेवर चालणारं दुसरं वाहन त्याचंच, त्यामुळे या विषयातला शेवटचा शब्द त्याचा, हे आम्ही सगळ्यांनी (त्यानेसुद्धा) मान्य केलं. त्याने हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं, आणि मग म्हणाला, "काकाजी, एका बाजूनं उचलसान तं गाडी मेली समजा. बॅटरीचं पानी एकीकडे जाते, दुसरीकडचे सेल कोरडे पडते, मंग जळते. माह्या रिक्षाचे दोन डबे असेच गेलते." आता त्याचे दोन डबे खरंच गेले होते, मी स्वतः पाहिले होते. आमच्या घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी गेल्या उन्हाळ्यात झाडताना कलंडली, तर तिच्या पाण्याने सतरंजीची चाळण झाली. ती बॅटरी डब्याएवढी. ही गाडीएवढी! एक बाजू वीतभर उचलली तर आतलं सगळं पाणी एका अंगाला जाऊन तुमच्या मुलाच्या गाडीचं काय झालं असतं, याचा नुसता विचार करून मी हातातलं पुस्तक मिटलं.

तेव्हा ठरलं की गाडी एका बाजूने उचलायचीच नाही. चारही बाजूंनी, एकाच वेळी, एकाच पातळीत उचलायची. पातळी कळावी म्हणून बॉनेटवर पाण्याने काठोकाठ भरलेला गडवा ठेवायचा. गडव्यातलं सांडलं नाही म्हणजे बॅटरीतलंही सांडलं नाही. (हा शोध माझा आहे. प्रेमलाल गावभर स्वतःचा म्हणून सांगतो आहे.) त्यासाठी चार जॅक लागले. एक मिलच्या ट्रकचा, चौतीस वर्षांच्या ओळखीवर. एक ट्रॅक्टरचा. एक मंडपवाल्याच्या पिकअपचा. आणि चौथा एका सद्गृहस्थांच्या जीपचा, ज्यांच्याकडे आता जीप उरलेली नाही, पण जॅक त्यांनी आठवण म्हणून ठेवला आहे. आधारासाठी महागूजींनी त्यांच्या आवारातले रेल्वेच्या रुळांखालचे जुने स्लीपर दिले. छोटी लाईन उखडली तेव्हा त्यांनी ते घेऊन ठेवले होते, सालाच्या झाडाचं लाकूड, आजही खिळा घालायचा तर खिळाच वाकतो. त्यांचे हात-हातभर तुकडे करून चार थप्प्या रचल्या आणि प्रत्येक थप्पीवर माझ्या जुन्या चपलांचा एक-एक तळ, म्हणजे गाडीच्या कडेला लाकूड लागू नये. व्याहीबुवा, त्या आधारावर उद्या छोट्या लाईनचं इंजिन ठेवलं तरी ते हलणार नाही, हे मी मिस्त्री म्हणून लिहून देतो.

सोमवारी सकाळी कामाला हात घातला. चार जॅकना चार माणसं हवीत आणि हलका धान कापणीला आलेला, सगळा गाव शेतात. मी, प्रेमलाल आणि महागूजी असे तीन झालो. चौथ्या जॅकवर तुमच्या विहीणबाई (म्हणजे आमच्या घरच्या) पदर खोचून बसल्या. आता चार जॅक म्हणजे चार घरचे चार पाहुणे, एकाचं दुसऱ्याशी जमेल तर शपथ. ट्रकच्या जॅकला मी एक हात मारला की गाडी जेवढी उठते, तेवढ्यासाठी प्रेमलालला तीन हात, महागूजींना दोन, आणि जीपचा जॅक स्क्रूचा असल्यामुळे तुमच्या विहीणबाईंना सात फेरे. त्यामुळे मी एक हात मारून बसायचो आणि बाकीचे आपापला हिशोब पूर्ण करायचे. मग सगळे उठून गडव्याजवळ जायचे, पाणी बघायचे, पुन्हा येऊन बसायचे. "माह्याच बाजूले एवढं काहून फिरवा लागते जी?" असं तिकडून दर फेरीला येत होतं. तासाभरात गाडी तीन बोटं वर आली आणि एक थेंब सांडला नाही. तेवढ्यात एक कावळा आला, गडव्याच्या काठावर बसला आणि पाणी पिऊ लागला. पितृपक्ष नुकताच झालेला, त्याला हुसकायची कोणाची हिंमत होईना. महागूजींनी तर टोपी काढली. कावळा पोटभर पाणी प्यायला आणि गाडीकडे एकदा तिरपं बघून उडाला. पण आता गडव्यातलं पाणी दोन बोटं कमी, आणि ते कावळ्याने कमी केलं की आमच्या हातून पातळी गेली, यावर प्रेमलालने शंका काढली. शेवटी गडवा पुन्हा भरून ती तीन बोटं पहिल्यापासून उचलण्याचं ठरलं, म्हणजे आधी खाली आणि मग वर.

दुपारी एकच्या सुमारास गाडी थप्प्यांवर बसली. मी कपाळ पुसलं, पाना घेतला, पुढच्या चाकाच्या पहिल्या नटाला लावला आणि जोर दिला. नट फिरला, आणि त्याच्याबरोबर चाकही फिरलं. पुन्हा जोर दिला, पुन्हा चाक फिरलं. नट आधी गाडी जमिनीवर असताना सैल करायचे असतात, आणि मग उचलायची असते. हे मिस्त्री माणसाला सांगायला लागू नये. पुस्तकातही आहे, पण त्या पानावर माझा चहा सांडला होता. मी हे कबूल करतो, कारण तुमच्यापासून काही लपवायचं नाही असं मी पत्र लिहायला बसताना ठरवलं होतं. तर गाडी पुन्हा चार माणसांनी गडव्यासकट खाली आणली, वीसही नट अर्धा-अर्धा फेरा सैल केले आणि पुन्हा वर नेली. दुसऱ्या वेळी आमचा हात इतका बसला होता की तुमच्या विहीणबाई सात फेरे मारून वर शेजारणीशी बोलतही होत्या.

तीनला चारही चाकं बाहेर आली. गाडी चार थप्प्यांवर अधांतरी, बिनचाकाची, एका रेषेत, बॉनेटवर गडवा भरलेला. माझे हात कोपरापर्यंत काळे. दुलीचंदजी, गेल्या दोन वर्षांत मला इतकं सुख झालं नव्हतं. मी प्रत्येक टायरवर खडूने लिहिलं, पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं, आणि कोणतं कुठे जायचं त्याचे बाण काढले. चाकं भिंतीला टेकवून ठेवली. मग हात धुतले, भात आणि लाखोरीची डाळ पोटभर जेवलो आणि, माझी चूक झाली ती इथे, खाटेवर जरा पाठ टेकली.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला मी काय सांगावी? जावई दारात आला की आधी त्याचे पाय धुवायचे आणि मगच आत घ्यायचा. ज्या दिवशी गाडी ठेवायला आले त्या दिवशी अश्विनराव घाईत होते, उभ्या-उभ्या पाणी प्यायले आणि निघाले. पाय धुणं राहून गेलं. ती रुखरुख तुमच्या विहीणबाईंच्या मनात दोन आठवडे होती आणि त्यांनी ती मला सांगितलेली नव्हती. मी घोरू लागल्यावर त्या अंगणात आल्या, तर समोर जावयाच्या गाडीची चार चाकं, चिखलाने माखलेली, वर खडूच्या रेघोट्या. पुढचं त्यांच्या शब्दांत: "जावयाची गाडी, तं चाकं मंजे पायच समजा." दोन शेजारणी मदतीला आल्या. चार पाट मांडले. गरम पाणी आलं, साबणाचा चुरा आला, नारळाची किशी आली. एकेक चाक पाटावर घेऊन असं घासलं की आमच्या लग्नात माझे पाय कोणी असे घासले नव्हते. मग हळद लागली, कुंकू लागलं, आणि चमक यावी म्हणून खोबरेल तेलाचं बोट फिरलं (ते मी नंतर दोन तास फडक्याने पुसत होतो). शेवटी चारही चाकं तुळशीजवळ, जशी शोभून दिसतील तशी, ओळीने उभी केली.

मी उठून बाहेर आलो. चार चाकं, काळीभोर, कुंकू लावलेली, एकासारखं एक. खडूचा मागमूस नाही. "काहून जी, एवढं तोंड काहून पाडलं? धुतलेच तं हायेत, इकले थोडेच?" असं मला विचारण्यात आलं. कोणतं चाक कुठलं, हे आता या जगात कोणालाही माहीत नाही. डोळे मिटून बसवावीत, तर जिथली तिथेच बसली तर? मग सोमवारी आम्ही काय केलं? आणि डाव्या बाजूची उजवीकडे गेली तर पुस्तकात त्यावरही लाल फुली आहे.

तेव्हापासून शोध चालू आहे. पुढचे टायर जास्त झिजलेले असणार, म्हणून मी खाचांत काडेपेटीची काडी घालून नखाने खूण केली. माझ्या काडीप्रमाणे तुळशीकडची दोन पुढची. प्रेमलालच्या काडीप्रमाणे बरोबर उलटी दोन. गाडी अशी चालून किती चालली, फरक केसाएवढा, आणि आमच्या दोघांचे चष्मे वेगवेगळ्या डॉक्टरांचे. मग महागूजी म्हणाले, "काड्या फेका. बंडीचं चाक आपली बाजू सोता सांगते. कान पायजे." त्यांनी काठीने पहिलं चाक ठोकलं, कान लावला आणि म्हणाले, "हे डावं." दुसरं ठोकलं, "हे बी डावं." तिसरंही डावं निघालं. चौथ्याबद्दल त्यांचं म्हणणं पडलं की ते आज बोलत नाही, गर्दी कमी झाल्यावर बघू. गर्दी कमी होण्याचं मात्र चिन्ह नाही. अधांतरी गाडी आणि तुळशीजवळची चाकं बघायला अख्खा वॉर्ड येऊन गेला. काल एक आजी चाकांपुढे उदबत्ती लावून गेल्या. कशासाठी, ते त्यांनीही सांगितलं नाही आणि आम्हालाही विचारवलं नाही.

तर असं आहे. गाडीला एक ओरखडा नाही, बॅटरीचं पाणी जागच्या जागी आहे, सर्व काही व्यवस्थित आहे. या पत्रातून तुमच्याकडे काही मागायचं आहे अशातला भाग नाही. फक्त बऱ्याच दिवसांत भेट नाही, जीव लागून राहतो, दिवाळीच्या धामधुमीआधी एकदा इकडे पाय लागले तर आम्हाला बरं वाटेल. आमच्या विहीणबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीला चारा.

आपला नम्र,
डोमाजी मिस्त्री

ता. क. : वर 'एकदा' लिहिलं आहे ते शनिवार असं वाचावं. पौर्णिमाच्या साक्षगंधाला तुम्ही म्हणाला होता की नुसता टायर पाहून तो गाडीच्या कोणत्या बाजूचा हे तुम्ही सांगू शकता, आणि ड्रायव्हर वळणावर ब्रेक मारतो का तेही. तेव्हा मंडपातले काही लोक हसले होते. मी हसलो नव्हतो. येताना चष्मा आणावा.

ता. क. दुसरं : महागूजी ओसरीवर चहा घेत आहेत, तेवढ्यात मनातलं खरं लिहून टाकतो. रविवारी अश्विनराव आले की हे सगळं तुम्ही केलं असं सांगाल का? म्हणजे गाडी उचलायची टूम तुमची, चार जॅक तुमचे, धुण्याबद्दल तुम्हाला काही माहीत नाही. तुम्ही बाप आहात. बापाने गाडीची चाकं काढून ठेवली तर पोरगा दोन शब्द बोलेल आणि हसेल. सासऱ्याने काढली तर जावई काहीच बोलणार नाही. 'काई हरकत नाई मामाजी' म्हणेल, किल्ली खिशात टाकेल, आणि पुन्हा या घरात ती कधी माझ्या हातात ठेवणार नाही. मग मला मरेपर्यंत आरामच करावा लागेल. तुमचं काय जाणार? तुम्ही मुलाकडचे, तुम्हाला कोण काय म्हणणार?

ता. क. तिसरं : महागूजींचा तिसरा चहा चालू असताना पुण्याहून फोन आला. आमच्या घरीही तो स्पीकरवरच घेतला गेला. पौर्णिमा म्हणाली की ही गाडी हलवली किंवा उचलली की जावयांच्या मोबाईलवर निरोप पाठवते. सोमवारी सकाळपासून गाडीने एकोणीस निरोप पाठवले! पहिला आला तेव्हा अश्विनराव ट्रेनिंगमधून उठून बाहेर पळाले, चोर आहेत म्हणून. मग मोबाईलमध्ये पाहिलं, तर गाडी आमच्याच अंगणात, एकदा वर, एकदा खाली, पुन्हा वर, आणि कुठूनही तिरपी नाही. तेव्हा ते म्हणाले, "चोर एवढं लेव्हलमदे उचलत नाई. हे मामाजीच हायेत. राहू दे, फोन नको करू, तेईचं काम चालू हाये." चार दिवस त्यांना माहीत होतं. मग ते स्वतः फोनवर आले. या गाडीच्या बॅटरीत पाणी नसतंच, असं हसत म्हणाले (प्रेमलालला अजून सांगितलेलं नाही, त्याच्या मनाला लागेल). आणि मग म्हणाले, "मामाजी, मी तं आजतक एक चक्काबी नाई खोललो. संडेले आलो का मले सिखवा. कोनतं चाक कुठं टाकाचं, सब बताजा." 'हौ' म्हणायचं ठरवलं होतं, तेही निघालं नाही. मी फोन तुमच्या विहीणबाईंच्या हातात दिला आणि बाहेर येऊन गाडीला टेकून उभा राहिलो.

ता. क. चौथं आणि शेवटचं, महागूजी आता उठले आहेत : दुसरं ता. क. रद्द समजावं. तुम्ही काहीही केलेलं नाही. टूम माझी, जॅक माझे, गडवा माझा. पहिलं ता. क. मात्र जसंच्या तसं कायम आहे, आधीपेक्षा जास्त कायम आहे, कारण जावई शिकायला येत आहे आणि शिकवणाऱ्याला चाकं ओळखता येत नाहीत. तेव्हा शनिवारी दुपारपर्यंत नक्की यावं, चाकं ओळखावीत, तुमच्या विहीणबाईंच्या हातचं पोटभर जेवावं, रात्री गच्चीवर आपण निवांत बोलू. व्याह्याला असं सांगू नये हे मला कळतं, पण जावई रविवारी अकराला पोचतात आणि तुमची परतीची गाडी त्याच दिवशी सकाळी नऊची आहे. परतीचं तिकीट मी काढून ठेवतो.